७२ तासांचा कागद

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांनाही त्या कामाला जुंपण्यात आले. एका हातात ताप मोजायची बंदूक, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर, काखेत नोंदवही. सोलापूरच्या अरुंद गल्ल्यांतून दारोदार जायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे, घरात कुणाला ताप आहे? खोकला? धाप लागते? आतून ठरलेले उत्तर यायचे, "नै जी, सब खैरियत." ही खैरियत सांगितली जात असतानाच आतल्या खोलीत कुणीतरी उशीत तोंड खुपसून खोकत असायचे. ते आम्हाला ऐकू येई. आम्हाला ऐकू येते हे घरच्यांनाही कळे. तरीही आम्ही वहीत 'नाही' असे लिहून पुढच्या दारावर जायचो.

संध्याकाळी शाळेच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शिक्षक मंडळी लोकांच्या नावाने बोटे मोडायचो. किती बेपर्वा माणसे आहेत, दुसऱ्याच्या जिवाची यांना काही किंमत आहे का, वगैरे. सोळा महिन्यांनी तेच उत्तर आमच्याच तोंडून बाहेर पडणार आहे, हे त्या पायऱ्यांवर कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

जानेवारी २०२२. ओमायक्रॉनची लाट वर चढत होती. महाराष्ट्रातल्या शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या. गुलबर्ग्याला (आता कलबुर्गी म्हणतात, पण आमच्या घरात अजून गुलबर्गाच) खालाच्या नातीचे लग्न होते. सोलापूर-गुलबर्गा म्हणजे रेल्वेने दोन तासांचे अंतर. आमच्या अर्ध्या नातलगांचे जाणे-येणे याच रुळांवर चालते. कर्नाटकात शिरायला तेव्हा ७२ तासांच्या आतला आर.टी.पी.सी.आर. निगेटिव्ह दाखला लागायचा. आम्ही तो काढला. निगेटिव्ह आला. दाखल्याची घडी करून पाकिटात ठेवली आणि मग, निघण्याच्या दिवशी पहाटे, घशात खवखव सुरू झाली.

काय करायचे होते? कागद निगेटिव्ह होता. नियम पाळलेला होता. दोन वर्षांत घरातले पहिले लग्न होते. खालाने आमच्यासाठी वेगळी खोली ठेवली होती. गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या केल्या, आल्याचा चहा प्यालो आणि गाडीत बसलो. स्टेशनवर कागद पाहिला गेला, आम्ही सुटलो. निकाहच्या दिवशी खोकला बऱ्यापैकी होता. खालाने विचारले, "सर्दी हुई क्या?" आम्ही म्हणालो, "नै खाला, थोडी धूल लगी." दस्तरखानावर बसताना मास्क काढला. सगळ्यांनीच काढला होता. फोटोसाठी पुन्हा काढला.

खालाचे वय सत्तरीच्या आसपास, साखरेचा जुना आजार. कोव्हिशील्डचा पहिला डोस ऑक्टोबरमध्ये घेतलेला, दुसरा लग्नाच्याच आठवड्यात यायचा होता. तिने तो पुढे ढकलला. पहिल्या डोसाला दोन दिवस ताप आला होता. लग्नाच्या कामात ताप आला तर पाहुण्यांना कोण बघणार? शादी होऊ दे, मग घेते, असे तिचे म्हणणे. लग्नानंतर पाचव्या दिवशी तिला ताप भरला. जानेवारी संपायच्या आत ती गेली. आम्ही परतल्यावर पुन्हा तपासणी केली होती. ती पॉझिटिव्ह आली. हे आम्ही गुलबर्ग्याला कुणालाच कळवले नाही.

आमच्यामुळेच तिला लागण झाली का? हे कुणीही सांगू शकणार नाही. लग्नात शंभराच्या वर माणसे होती, त्यात खोकणारे आम्ही एकटे नव्हतो. त्या पंधरवड्यात तो विषाणू हवेसारखा पसरलेला होता. दुधवाल्याकडून आला असेल, मेहंदीवालीकडून आला असेल. हा हिशेब आम्ही इतक्या वेळा मांडला आहे की आता तो पाठ झाला आहे, आणि पाठ झालेल्या हिशेबावर आमचा विश्वास राहिलेला नाही. ज्या गोष्टीचा परिणाम आपल्यामुळेच झाला हे कधीच सिद्ध होणार नाही, तिची जबाबदारी माणसाने घ्यायची की नाही, हा प्रश्न चार वर्षे आमच्या मानेवर बसलेला आहे. या लेखात त्याला खाली उतरवून समोर बसवण्याचा प्रयत्न करतो आहोत.

आमच्या समाजात अशा वेळी एक वाक्य तयार असते: मौत का वक्त मुकर्रर है. मातमपुर्सीला आलेल्या प्रत्येकाने ते म्हटले. ते खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही, आमचाही त्यावर विश्वास आहे. पण ते वाक्य कुणी म्हणायचे, यालाही काही अदब आहे. खालाच्या मुलीने ते म्हटले तर तो सब्र. तेच वाक्य आम्ही म्हटले तर ती पळवाट.

तकदीर आणि तदबीर यांचा हा झगडा आजचा नाही. हिजरी सन १८, म्हणजे इसवी सन ६३९ च्या सुमारास शाम देशात अमवासचा प्लेग पसरला. खलिफा हजरत उमर तिकडे निघाले होते. सरग या ठिकाणी सेनापती अबू उबैदा त्यांना येऊन भेटले आणि पुढे साथ असल्याची खबर कळली. उमरांनी आधी मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना. दोन्हीकडे मतभेद. शेवटी कुरैशच्या बुजुर्गांना विचारले, त्यांनी एकमुखाने परत फिरा म्हटले. अबू उबैदांना हे पटेना. अल्लाहने लिहिलेल्या तकदिरीपासून पळता काय, असा त्यांचा सवाल. उमरांचे उत्तर असे, की होय, पळतो, पण एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडेच. मग उंट चारणाऱ्याला समजेल असा दाखला त्यांनी दिला: एका दरीची एक बाजू हिरवी असेल आणि दुसरी उजाड, तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या मर्जीनेच, पण शहाणा माणूस कुठे नेईल? पुढे अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरसाहेबांची शिकवण ऐकवली, की जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळून निघू नये. उमर मदिनेला परतले.

ही गोष्ट २०२० नंतर प्रत्येक वाझमध्ये, प्रत्येक व्हॉट्सअॅप निरोपात आली. बहुतेक ठिकाणी ती इथेच संपते. अबू उबैदांचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी सांगत नाही. ते आपल्या फौजेबरोबर तिथेच राहिले आणि त्याच प्लेगमध्ये वारले. त्यांच्यानंतर मुआज बिन जबल आले, तेही गेले. मग अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांवर पांगून राहायला सांगितले आणि साथ ओसरली.

उर्दू शाळेत ही गोष्ट सांगताना मुले हमखास विचारतात, सर, बरोबर कोण होते? आम्ही आलिम नाही, बी.एड. झालेले शाळामास्तर आहोत, तेव्हा आमचे उत्तर शाळामास्तराचे समजा. उमर परत फिरले तेव्हा त्यांच्याबरोबर माणसे होती, त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. अबू उबैदा थांबले तेव्हाही त्यांच्याबरोबर माणसे होती, त्यांना सोडून जाणे त्यांना जमेना. आपल्या पायांनी आपण साथ कुठे नेतो, हा विचार परतणाऱ्यालाही होता, थांबणाऱ्यालाही. आमच्याजवळ त्या दिवशी फक्त पाकिटातला कागद होता.

आणखी एक शिकवण हदीसमध्ये आहे, तिचा उल्लेख कमी होतो. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, असा तिचा आशय. त्याच संग्रहांत संसर्ग असे काही नसतेच, अशा आशयाचेही वचन आहे आणि त्यावरून शेकडो वर्षे वाद झाले. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाचा वजीर आणि हकीम इब्न अल-खतीब याने १३४८ च्या महामारीनंतर लिहून ठेवले, की संसर्ग हा अनुभवाने, निरीक्षणाने सिद्ध झाला आहे. जे रोग्याजवळ गेले ते पडले, जे दूर राहिले ते वाचले. आणि डोळ्यांना दिसणारे सत्य एखाद्या वचनाच्या विरोधात जात असेल तर त्या वचनाचा अर्थ नव्याने लावला पाहिजे. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा मुसलमान हे लिहितो आणि आमच्या गल्लीत २०२१ मध्ये लसीत डुकराची चरबी आहे म्हणून दरवाजे बंद होतात. (कोव्हिशील्ड वा कोव्हॅक्सिनमध्ये जिलेटिन नाही. असते तरी जीव वाचवण्यासाठी घ्यायला हरकत नाही, असे संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा कौन्सिलने डिसेंबर २०२० मध्येच सांगितले होते.)

पण इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्याच लोकांवर अन्याय होईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री म्हणाले, की मुस्लिमबहुल भागांत लसीबाबत संकोच आहे, तिथे समजूत घालायला सलमान खानची मदत घेऊ. आमच्या शाळेतल्या मुली खूश झाल्या, सलमान मोहल्ल्यात येणार म्हणून. तो काही आला नाही. आम्ही मात्र गल्लीत फिरलो आणि विचारत बसलो. युनिफॉर्मची शिलाई घरी आणून करणाऱ्या बायका सांगायच्या, सुई घेतली की दोन दिवस ताप, दोन दिवस मशीन बंद, मशीन बंद तर पैसे बंद, शेठ काम दुसरीला देणार. चरबीची गोष्ट त्यातल्या बऱ्याच जणी नुसती पुढे करायच्या. गरिबी सांगण्यापेक्षा मजहब सांगायला सोपा पडतो. मजहब सांगितला की समोरचा गप्प तरी बसतो. खालानेही लग्नाचे कारण सांगितले होते, म्हणजे कामाचेच.

लसीवर विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो माणसावरच्या विश्वासातून बसतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक तरी घाबरत होतेच. तेव्हा तरुण आगाखान, सुलतान मुहम्मद शाह यांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे टोचून घेतले. त्यांच्या जमातीतले लोक मग पुढे आले. आणि विश्वास तुटतो तोही असाच. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिनांवर आला. ते निर्दोष होते हे मान्य व्हायला १९०७ उजाडले. आज त्यांच्या नावाची संस्था परळला उभी आहे.

२०२४ मध्ये असेच काहीसे झाले. अॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केले की तिच्या लसीने अत्यंत दुर्मिळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. डॉक्टरांना हे २०२१ पासून ठाऊक होते, पण आमच्या स्टाफरूममध्ये ती बातमी बॉम्बसारखी पडली. कारण कोव्हिशील्ड म्हणजे तीच लस, पुण्यात तयार झालेली. मे महिन्यात कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, मागणी उरली नाही हे कारण देऊन. ज्या बायकांना आम्ही हाताला धरून केंद्रावर नेले होते, त्यातल्या एकीने रस्त्यात अडवून विचारले, "सर, तुम बोले थे ना, कुछ नै होता?" बोललो होतो. 'कुछ नै होता' हे आमचे वाक्य चुकीचे होते. लाखात एखाद्याला होऊ शकते, पण कोरोनाने त्याहून कितीतरी जास्त माणसे जातात, असे म्हणायला हवे होते. एवढे लांब वाक्य दारात उभे राहून कोण ऐकणार, असे आम्हाला तेव्हा वाटले. लोकांना अर्धे सत्य पुरते, हा शिक्षकांचा फार जुना रोग आहे.

आता लस काय करते आणि काय करत नाही, याचा एक नमुना आमच्या हजच्याच इतिहासात आहे. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूज्वराची लस घ्यावी लागते, हे आज पोरालाही ठाऊक आहे. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ पसरली, तेव्हापासून ही सक्ती आली. तरी २००० आणि २००१ मध्ये पुन्हा साथ आली, यावेळी डब्ल्यू-१३५ नावाच्या दुसऱ्याच प्रकाराची. युरोपात त्या वर्षी जे आजारी पडले त्यांत हाजी होतेच, पण कधीही मक्केला न गेलेले त्यांचे घरचे लोकही होते. हाजी स्वतः ठणठणीत घरी आलेला, आबे जमजम आणि खजूर वाटलेले, आणि घशात जंतू घेऊन आलेला. त्या काळची लस आजारापासून वाचवत असे, पण घशात जंतू बसण्यापासून फारशी वाचवत नसे. पुढे चारही प्रकारांवरची लस सक्तीची झाली, आणखी सुधारलेल्या लसीही आल्या. त्या घशातले जंतूही कमी करतात.

कोरोनाच्या लशींचे बरेचसे असेच आहे. त्या घेणाऱ्याला गंभीर आजारापासून चांगल्या वाचवतात. दुसऱ्याला लागण होण्यापासून मात्र थोड्याच आणि थोडेच दिवस. विषाणू कपडे बदलतो तशी लसही बदलावी लागते. जानेवारी २०२३ मध्ये नाकात थेंब टाकायची लस आली, जूनमध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या ओमायक्रॉनवरच्या लशीला परवानगी मिळाली, मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एलपी.८.१ या उपप्रकारावरच्या लशी हा योग्य पर्याय असल्याचे सांगितले. आमच्या घरात शेवटचा डोस २०२२ च्या मोफत मोहिमेतला, त्यानंतर कुणी काही घेतलेले नाही. हे अभिमानाने सांगत नाही, आहे ते सांगतो. मुद्दा असा की आम्ही जानेवारी २०२२ मध्ये दोन्ही डोस घेतलेले होतो, म्हणूनच आम्हाला नुसता खोकला झाला. आमची लस आमच्यासाठी होती. खालासाठी आमच्याकडे एकच उपाय होता, घरी राहणे.

मग आम्ही खोटे का बोललो? धूळ लागली असे का म्हटले? याची कारणे शोधताना एका अप्रिय जागी पोचलो. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजचे प्रकरण झाले. त्यानंतर कित्येक महिने मुसलमान आणि विषाणू हे दोन शब्द टीव्हीवर एका श्वासात म्हटले जात होते. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवत होते. आमच्या एका विद्यार्थ्याचा बाप केळी विकायचा. तो गाडा घेऊन निघाला आणि भरल्या गाड्यानिशी परत आला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे नमूद केले. निकाल आला, पण भीती अंगात राहिली. सार्वजनिक ठिकाणी खोकला आला की टोपी असलेला माणूस आजूबाजूला बघतो, ही सवय आम्ही त्या वर्षी शिकलो. खोकला आहे असे म्हणणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असे काहीतरी आत बसून गेले.

हे कारण खरे आहे. पण गुलबर्ग्याच्या त्या मांडवात आमच्याकडे बोट दाखवणारा टीव्हीवाला कुणी नव्हता. तिथे सगळे आमचेच होते. विचारणारी खाला होती, जिने आम्हाला लहानपणी मांडीवर घेऊन खोकल्याला कांद्याचा रस पाजला होता. ज्या आरोपात आम्ही निर्दोष होतो, त्याची ढाल करून आम्ही दुसऱ्या एका दोषापासून स्वतःला वाचवत आलो आहोत. समाज म्हणून असे किती ठिकाणी करत असू, याचा विचार इथे करत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आणि हा 'आम्ही'ही मोठा सोयीचा शब्द आहे. कधी तो घर असतो, कधी मोहल्ला, कधी कौम. पण त्या दिवशी घसा एकाचाच दुखत होता.

सावित्रीबाई फुले यांचे आमच्या शाळेत ३ जानेवारीला दरवर्षी स्मरण होते, फातिमा शेख यांच्या नावासह. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रोगी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. भाषणात आम्ही नेहमी 'जिवाची पर्वा न करता' असे म्हणतो. मग एका वर्षी भाषणाच्या मध्येच आमची जीभ अडखळली. जिवाची पर्वा न करता आम्हीही गेलो होतो लग्नाला. फरक एवढाच, की त्यांनी धोका आपल्या पाठीवर घेतला आणि आम्ही तो दुसऱ्याच्या ताटाजवळ नेऊन ठेवला, तिला न सांगता. धाडस दोघांनाही लागले असेल, आम्हाला बहुधा कमीच.

तर मग घराबाहेर पडूच नये का? असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. न जाण्याचीही किंमत असते आणि ती बहुधा म्हाताऱ्यांकडून वसूल होते. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते, गिरणीतले जुने कामगार. आयुष्यभर पै-पै जमवून २०२० च्या हजसाठी त्यांचा नंबर लागला. त्या वर्षी सौदी अरबने बाहेरच्या कुणालाच येऊ दिले नाही, देशातल्या हजारभर लोकांनी हज केला. चाचांचे पैसे परत आले. २०२१ मध्ये साठ हजार, तेही तिथेच राहणारे. २०२२ मध्ये दार उघडले, दहा लाखांना परवानगी, भारताच्या वाट्याला ७९ हजारांच्या वर जागा. पण वय ६५ च्या आत हवे. चाचा ६७ चे. त्यांनी आम्हाला अर्ज भरायला बोलावले होते, तो अर्ज तसाच राहिला. ते म्हणाले, "ये मेरे कू बचाने वास्ते है, या मेरे से बचने वास्ते?" आम्ही काहीतरी समजुतीचे बोललो. २०२३ मध्ये वयाची अट उठली, अठरा लाखांवर हाजी जमले. चाचा त्याआधीच्या हिवाळ्यात गेले होते, आणि ते कोरोनाने गेले नाहीत.

जाणकार सांगतात की हज त्याच्यावर फर्ज आहे ज्याच्याकडे इस्तिताअत आहे, म्हणजे ऐपत. आणि ऐपतीत वाटेची सलामतीही येते. १८६५ च्या हजमध्ये कॉलऱ्याने हजारो हाजी मेले, आगबोटींतून तो सुएझला आणि पुढे युरोपात पोचला, त्यावर १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली. पुढे हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींना लाल समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनमध्ये दिवस काढावे लागत. त्या बेटावरच्या हालांचे किस्से आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत चालत आले होते. म्हणजे जाणारे जातच राहिले. साथ होती, अडवणारे होते, बेट होते, आणि तरी माणसे निघत होती. निघण्याआधी मात्र एक रिवाज असे. घरोघर जाऊन, ज्यांच्याशी काही देणेघेणे, भांडणतंटा असेल त्यांच्याकडून माफी मागून घ्यायची: कहा-सुना माफ. आता हा रिवाज मोबाईलवर एका निरोपात उरकतात.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आजार संपला असे म्हटले नव्हते. मे-जून २०२५ मध्ये रुग्ण पुन्हा वाढले, पेपरात आठवडाभर आले, मग थांबले. आता कुणी दाखला मागत नाही, स्टेशनवर कुणी उभे नसते. नियम नसल्यामुळे एक मात्र झाले, की पाकिटातल्या कागदामागे लपायची सोय गेली. वर्गात मुलाला शिंका येत असतील तर आम्ही त्याला खिडकीजवळ बसवतो, घरी आजी-आजोबा आहेत का ते विचारतो. मुले खरे सांगतात, जोवर सांगितल्याबद्दल कुणी हसत नाही किंवा रागवत नाही तोवर. पन्नास पोरांच्या वर्गात मास्क लावून शिकवले की मागच्या बाकावर ऐकू जात नाही, ही अडचण अजून सुटलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात आपाचा, म्हणजे खालाच्या मुलीचा फोन आला. तिच्या धाकट्याने नवे घर बांधले होते, कुरआनखानी ठेवली होती, तुम्ही आलेच पाहिजे. तिकिटे काढली. निघण्याच्या आदल्या रात्री खोकला सुरू झाला. आता कुणाला कसली पडली आहे, सर्दीच ती. पण आपाही आता साठीला आली आहे आणि साखर तिलाही आहे. बराच वेळ फोन हातात घेऊन बसलो. मग लावला आणि सांगितले, की आपा, खोकला आहे, कोरोना की काय माहीत नाही, तू म्हणशील तर येतो, नाहीतर आठ दिवसांनी येतो.

पलीकडे ती थोडी थांबली. मग तिने विचारले, "शादी में बी था ना?"

धुळीचे कारण अजून जिभेवर होते. आम्ही म्हणालो, "हौ आपा. था. बाद में टेस्ट बी पॉझिटिव्ह आया था."

ती म्हणाली, "मालूम है. फोटो में सब जगा मुंह पे रुमाल धर के खड़े तुम." पुढे काही बोलली नाही. कुकरची शिट्टी ऐकू आली, कुणीतरी तिला हाक मारली. आम्ही माफी मागायला तोंड उघडले, पण चार वर्षांत तयार केलेली वाक्ये त्या वेळी एकही आठवेना. तिनेच शेवटी म्हटले, की अम्मीच्या कबरीवर तुम्ही एकदाही आला नाहीत. आठ दिवसांनी या, बरे होऊन या, मग तिकडे जाऊ. आणि फोन ठेवला.

तिकिटे रद्द केली, थोडे पैसे कापले गेले. आठ दिवसांनंतरची सकाळची गाडी मिळाली.